आमची वाटचाल : गावरान, आरआयआर आणि मधली ती दोन वर्षं

2009 साली प्लायवूडच्या पेटीत साठ वॅटचे चार बल्ब लावून आम्ही आमच्या हॅचरीतली पहिली शंभर अंडी उबवायला ठेवली. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली एकतीस. बाकीची कवचातच गुदमरली. शेवटचे तीन दिवस अंडी फिरवायची नसतात आणि पेटीतलं पाणी वाढवायचं असतं, हे कळेपर्यंत आणखी दोन खेपा वाया गेल्या.

आता उबवणीचा सेटर मोठा आहे, अंडी आपोआप फिरतात. पण अंडी तपासायला मी अजूनही पत्र्याच्या डब्याला भोक पाडून आत दिवा बसवलेला तो जुना डबाच घेतो. सातव्या रात्री शेडमध्ये अंधार करायचा आणि अंड्याची रुंद बाजू भोकावर टेकवायची. आत कोळ्यासारखा तांबडा ठिपका आणि त्याला फुटलेल्या शिरा दिसल्या की जीव धरला. नुसताच पिवळा उजेड दिसला की ते अंडं बाजूला.

आमचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे पलीकडच्या वाडीवरच्या आक्का. डालग्यात पिंजर अंथरून वीस गावरान अंडी घेऊन आल्या होत्या. दोन वर्षांनी मीच त्यांच्या गळी पंचवीस आरआयआर, म्हणजे ऱ्होड आयलंड रेड जातीच्या, तलंगा उतरवल्या. आक्कांनी खुराड्याच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढल्या, एका बाजूला गावरान, दुसऱ्या बाजूला आरआयआर. वर्षाअखेरीला हिशेब केला. आरआयआर कोंबडीमागं दोनशेच्या आसपास अंडी पडली, गावरानमागं जेमतेम सत्तर. मी खुशीत होतो. आक्का म्हणाल्या, "आरं, पण ह्यातली एक तरी खुडूक बसली का?"

एकही अंडी उबवायला बसली नव्हती. पंचवीसातल्या अकरा मुंगसानं आणि घारीनं नेल्या होत्या. गावरान कोंबडी सांज झाली की फणसावर चढते, घारीची सावली पडली की पिल्लांना पंखाखाली घेते. आरआयआर मोकळ्यावर उभी राहून बघत राहते. तिला भरडा लागतो, शिंपल्याचा चुरा लागतो, नाहीतर अंड्याचं कवच पातळ पडतं. गावरान उकिरड्यावर पोट भरते आणि बाजारात तिच्या अंड्याला भावही जास्त मिळतो. त्या दिवसापासून आमच्याकडं पिल्लं मागायला येणाऱ्याला मी आधी विचारतो : अंडी विकायची आहेत की कोंबड्या वाढवायच्या आहेत? रोजची अंडी हवी असतील तर आरआयआर घ्या, बंदिस्त ठेवा, दुसऱ्या वर्षानंतर कळप बदला. परड्यात सोडायच्या असतील तर गावरानच.

मग कडकनाथ आला. 2018 मध्ये मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं आणि आमच्या सांगली भागात काळ्या कोंबडीचं वेडच लागलं. पक्षी अस्सल आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एक कंपनी आली, पैसे भरा, पिल्लं आणि खाद्य आम्ही देतो, अंडी आम्हीच परत घेतो, असं सांगत फिरू लागली. आमची दहा वर्षांची गिऱ्हाइकं एकेक करून तिकडं गेली. मी एकेकाच्या दारात जाऊन सांगितलं, कडकनाथ वर्षाला शंभराच्या आतबाहेर अंडी देतो, एवढी महाग अंडी शेवटी खाणार कोण? लोक म्हणाले, हा जळतोय. सख्ख्या चुलतभावानं म्हशी विकून शेड बांधली. आमचा सेटर त्या हंगामात तीनदा रिकामा राहिला. हप्ता चुकला आणि हिच्या पाटल्या गहाण पडल्या.

2019 च्या पावसाळ्यात अंडी न्यायला येणाऱ्या गाड्या बंद झाल्या. खाद्य संपलं, पक्षी एकमेकांना टोचून मरू लागले. चुलतभाऊ रात्री माझ्याकडं आला, "तेवढी शंभर पाखरं घे, पैसे नकोत." घेतली. पण आम्हाला खरा फटका बसला तो नंतरच. कोंबडीचं नाव काढलं की लोक दार लावून घ्यायचे, सगळेच हॅचरीवाले त्यांना लबाड वाटायला लागले. आम्ही बायबॅकचा शब्द कधी तोंडातून काढला नव्हता, तरी शिव्या आम्हीच खाल्ल्या. ते दुखणं अजून गेलेलं नाही. पुढच्या मार्चमध्ये कोरोनाच्या अफवेनं उरलंसुरलं धुऊन नेलं. त्या महिन्यात आक्कांनी साठ अंडी उबवायला टाकली, पैसे आगाऊ देऊन.

त्यानंतर गाडी रुळावर आली, ती गावरानच्या जोरावरच.

एक सांगतो. गावरान कोंबड्यांत आरआयआरचा कोंबडा सोडू नका. पिल्लं दिसायला थोराड होतात, अंडीही वाढतात, पण दोन पिढ्यांत खुडूक बसणं कमी होतं आणि मग तुम्हाला दर वर्षी माझ्याकडं यावं लागतं. मानमोडी रोगावरची लासोटा लस पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या डोळ्यात एकेक थेंब टाकून द्या, तोही सांजेला. मानमोडी शिरली की औषध नाही.

आमच्याकडं पिल्लं दर गुरुवारी निघतात. येताना भोकं पाडलेलं खोकं आणा, खाली कागद नको, पोतं अंथरा. कागदावर पिल्लांचे पाय फाकतात. आक्कांची अंडी सगळ्यात खालच्या ट्रेमध्ये असतात, प्रत्येकावर पेन्सिलीची फुली. त्या ट्रेला दुसऱ्या कुणाचं अंडं लागत नाही.