शेवटची रांग

प्रजासत्ताक दिनाची सामूहिक लेझीम अनेक शाळांची मिळून असते, आणि एकत्र सराव मिळतो तो जेमतेम. यंदा ३० रांगा, रांगेत २४ जण. लेझमी एकमेकांना लागू नयेत म्हणून दोन रांगांत अडीच मीटर अंतर, म्हणजे शेवटची रांग पहिलीच्या साधारण ७२ मीटर मागे. हलगी आणि ढोल मंचाशेजारी, कारण पाहुण्यांना वादक दिसले पाहिजेत. असा नियम कुठे लिहिलेला नाही, तरी तो मोडायला कोणी धजत नाही.

लेझमीचे ‘एक जगह’, ‘आदि लगाव’ हे प्रकार निभावले. ‘चार आवाज’ला बिंग फुटलं. त्यात वाकणं-उठणं असल्यामुळे पुढचे ताठ होतात तेव्हा मागचे अजून खालीच, हे लांबूनही दिसतं. दोन शिक्षक ‘ढिल्ले, ढिल्ले’ ओरडत मागे धावले. कच्ची मुलं मागे ठेवायची आणि मागचे चुकले की कच्चे आहेतच म्हणायचं, ही आपल्याकडची जुनी खोड.

म्हणून पुढच्या चार रांगा उचलून मागे नेल्या, मागच्या पुढे आणल्या. मुलं बदलली, उशीर जागच्या जागी.

शेवटच्या रांगेत उभं राहून हलगीवाल्याच्या हाताकडे पाहिलं की उलगडा होतो. टिपरू पडलेलं दिसतं, ठोका मागाहून येतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ७२ मीटरला ०.२१ सेकंद. लय मिनिटाला १२० ठोक्यांची, म्हणजे दोन ठोक्यांत अर्धाच सेकंद. मागचं पोर त्याला ऐकू आलेल्या ठोक्यावर अगदी बरोबर होतं. पुन्हा त्याच्या लेझमीचा आवाज मंचाकडे यायला तेवढाच वेळ. एकूण ०.४२. खुर्चीतल्या पाहुण्याच्या कानी तो जवळपास पुढच्या ठोक्याला पडतो, आणि एकच ‘छन्न’ उमटायच्या ऐवजी नुसता खुळखुळाट होतो.

साऊंडवाल्याचं म्हणणं, मंचावरचे कर्णे वाढवू. आवाज मोठा केला म्हणून लवकर पोचत नाही, हे त्याला पटेना. वाढवल्यावर समोरच्या इमारतीवरून प्रत्येक ठोका परत यायला लागला, तेव्हा त्यानेच बटण खाली केलं.

हलगी मैदानाच्या मध्यभागी नेली तर दोन्ही टोकांना उशीर ०.१ सेकंदावर येतो. पण खरी गंमत ती सगळ्यात मागे नेल्यावर. ठोका मागून पुढे निघतो, वाटेत प्रत्येक रांग तो उचलते आणि सगळ्यांचा आवाज ठोक्यासोबतच मंचावर पोचतो. ढोलही सोबत न्यावा लागतो, नाहीतर दोन टोकांना दोन लयी. पण मुलांनी धरायचा ठोका हलगीचाच. ढोलाचा घुमारा लांबवर जातो, पण ठोक्याची कड त्यात कळत नाही. जानेवारीच्या पहाटे दवाने हलगीचं कातडं सैल पडतं, म्हणून मागच्या बाजूला शेकायला थोडा जाळही हवा.

कार्यक्रमात ‘छन्न’ एकच आला. ‘वादक दिसले नाहीत’ ही तक्रार अपेक्षित होती, तीही आली. त्यानंतर एका साहेबांनी विचारलं, “मागची मुलं घाई का करत होती?” प्रश्न चुकीचा नव्हता. या रचनेत मागचे ०.२१ सेकंद आधी वाकतात. कानाला जुळतं, डोळ्याला नाही.

मैदानाच्या दोन्ही बाजूंना दर १५ मीटरवर लहान कर्णे, आवाज बेताचा आणि तोंड आत, असं केलं तर पुढच्या-मागच्यांचं वाकणं जुळेल. पण मंचावर पहिल्या आणि शेवटच्या रांगेच्या आवाजात ०.२१ सेकंदांचं अंतर उरेलच. दोन्ही साधायचं तर पहिल्या आणि शेवटच्या रांगेतलं अंतरच कमी करायला हवं: रांगा १५ आणि रांगेत ४८. पण मग रांगेत दोघांमध्येही अडीच मीटर धरले तर रांगेची लांबी ११५ मीटरच्या पुढे जाते आणि मंचासमोरची जागा तेवढी रुंद नाही. रांगांतलं अंतर दोन मीटरवर आणता येईल का, हे आधी ‘दो रुख’ करवून पाहायचं आहे; वळताना लेझीम शेजारच्याला लागते ती तिथेच.