180 चौरस मीटरची चार घरं

गोव्यात फोंड्याला वास्तुविशारद म्हणून काम करते. वाटणीची घरं बरीच आखली, पण या एका घराचा हिशेब अजून छळतो.

तालुक्यातल्याच एका गावात मुंडकार कायद्याखाली, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याला ती जागा घेऊ देणाऱ्या कायद्याखाली, विकत घेतलेली 300 चौरस मीटर जागा. वर मातीच्या भिंतींचं कौलारू घर, पावसाळ्यात एक बाजू बसलेली. मोठा मुलगा बसवर वाहक, मधला कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, धाकटा पर्वरीत भाड्याने राहणारा. आईचं म्हणणं एवढंच, की घर पाडा, पण मुलं इथेच राहू देत.

बांधकाम नियमांत गाव व्हीपी-2 वर्गात, म्हणजे एफएआर (चटईक्षेत्र निर्देशांक) 60, जागेच्या 60 टक्के बांधकाम. सगळे मजले मिळून 180 चौरस मीटर बांधता येतं. तळाशी 40 टक्क्यांहून जास्त जमीन व्यापायची नाही, म्हणजे 120. उरलेले 60 वर. "प्रत्येकी 60," मी म्हटलं आणि तिघांचेही चेहरे सैलावले.

"बाय, चार भाग घाल," आई म्हणाली. "माझ्या मुलीचा वाटा कुठे?"

मुलगी नवरा वारल्यावर माहेरी आलेली, आत चहा करत होती. गोव्यात मुलीला मुलाइतकाच वाटा मिळतो, अगदी पोर्तुगीज काळातल्या नागरी कायद्यापासून. तरी हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेण्याची घाई मी कितीदा पाहिली आहे! या बाईंनी ती होऊ दिली नाही. भाऊही काही बोलले नाहीत. मी पुन्हा भागाकार केला. प्रत्येकी 45. त्यातून भिंती आणि जिना गेला की एक खोली, स्वयंपाकघर आणि बसायला थोडी जागा.

मोठ्या मुलाने कुंपणापलीकडे हात केला. "त्यांना एवढं कसं दिलं?"

पलीकडे 1,000 चौरस मीटरची जागा. नियम तोच, 60. म्हणजे 600 चौरस मीटर, आणि त्यात 150-150 चे चार व्हिला, मागे पोहण्याचा तलाव. खिडक्या बंद. मालक परराज्यातले, सुट्टीला येणारे. नियम कुठेच मोडलेला नव्हता, आणि मला खरा त्रास त्याचाच झाला. एफएआर चौरस मीटर मोजतो, माणसं मोजत नाही. त्याच 600 मध्ये 50-50 ची बारा घरं बसली असती.

बिल्डर ती का बांधत नाही हेही मला ठाऊक आहे. जमिनीचा भाव सुट्टीच्या घराचा ग्राहक ठरवतो. बांधकाम थोडंच करता येतं, त्यामुळे जमिनीची सगळी किंमत त्या थोड्या चौरस मीटरवर चढते, आणि त्या दराने 50 चौरस मीटरचं घरसुद्धा बसवाहकाच्या पगारात येत नाही. 2011 च्या जनगणनेत गोव्यातलं साधारण पाचातलं एक घर रिकामं आढळलं होतं. तरी धाकटा पर्वरीत भाडं भरतो.

म्हणून सरसकट एफएआर वाढवा असं मी म्हणणार नाही. या गावाची वाट अरुंद, उन्हाळ्यात विहिरी आटतात. वाढवलेला प्रत्येक मीटर व्हिलाकडेच जाईल. पण फोंडा, म्हापसा, मडगाव इथे बसस्टँडजवळ, जिथे नळ आणि गटारं आहेत, तिथे जादा मजले द्यावेत, आणि ते लहान घरांच्याच अटीवर. तसं केलं नाही तर मागणी डोंगरउतारावर आणि बागायतीत सरकते, मग तिथल्या जमिनीचा ठरलेला वापर बदलून घेण्यासाठी अर्जांची रीघ लागते. गावातही वडिलोपार्जित किंवा मुंडकाराच्या जागेत राहणाऱ्या कुटुंबाला थोडी वाढीव सूट हवी, न विकण्याच्या अटीवर.

आराखडा शेवटी चार घरांचाच झाला. तळमजल्यावर आई आणि मुलगी एका घरात, शेजारी मधला, वर धाकटा. मोठ्याचं घर दोन मजल्यांत विभागलं, खाली स्वयंपाकघर, वर मुलांची खोली. नगरनियोजनाची मंजुरी आली आहे, पंचायतीचा बांधकाम परवाना यायचा आहे.