१५ ऑक्टोबर, विलेपार्ले पूर्व

कॅलेंडरवर आज काही नाही, पण आमच्या घरात या तारखेला शिरा होतो. १९३२ साली याच दिवशी जेआरडी टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, म्हणून. ही पद्धत अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी लावली. पूजा नाही, नैवेद्य नाही. शिरा खायचा आणि त्यांच्याकडून त्या इवल्याशा 'पस मॉथ' विमानाची गोष्ट ऐकायची. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले, असं म्हणून ते थांबायचे. तिथे आपण हसायचं, हे ठरलेलं. पावसाळ्यात जुहूला इतका चिखल व्हायचा की टपालाची विमानं पुण्याला हलवावी लागायची, हे मात्र गंभीरपणे सांगायचे. "आणि आपण लोकल जरा उशिरा आली की बोंबलतो!" यंदा शिरा झाला, पण गोष्ट कोण सांगणार म्हणून सगळे एकमेकांकडे बघत बसले.

अप्पा बँकेत होते. तरुणपणी पगारातून पैसे साठवून जुहूला विमान चालवायला शिकत होते. पुढे आत्याबाईंचं लग्न ठरलं आणि शिकणं थांबलं ते थांबलंच. लग्नानंतर नवीन होते तेव्हा मी एकदा विचारलं होतं, "अप्पा, वाईट नाही वाटलं?" म्हणाले, "वाटलं की. मग लग्नात पोटभर जेवलो." यावर पुढे काय बोलणार!

दुपारी त्यांचं कपाट आवरायला घेतलं, तर खालच्या कप्प्यात लॉगबुक मिळालं. सुरुवातीची पानं निळ्या शाईत, एकदम नेटकी: तारीख, विमान, वेळ, शिक्षकाची सही. मग नोंदी संपतात. पण रिकामी पानं वाया घालवतील ते अप्पा कसले! त्याच छापील रकान्यांत भीमपलासची बंदिश मात्रा मोजून लिहिली आहे आणि खाली 'दूध, दोन दिवस खाडा'. पुढच्या पानावर ह्यांच्या शाळेची फी, रॉकेल, आईंच्या चष्म्याचा खर्च आणि कडेला पेन्सिलीने यमनच्या ताना. 'शेरा' या रकान्यात एके ठिकाणी 'निषाद बरा लागला' असं लिहिलं आहे. मी कपाट सोडून तिथेच फरशीवर बसून राहिले.

त्यांचा कान विलक्षण होता. पंखा कुठल्या पट्टीत घुमतोय ते सांगायचे. पश्चिमेचा वारा असला की विमानं आमच्या डोक्यावरून समुद्राकडे जातात. वर न बघता नुसत्या आवाजावरून ते विमान ओळखायचे. नातवाला शिकवायचे, "येताना सूर चढा, गेल्यावर उतरा. ऐक." पेटीवर दोन पट्ट्या एकामागून एक दाबून दाखवायचे, समाधान व्हायचं नाही, मग तोच सूर गळ्यातून सावकाश खाली ओढायचे. "ही मींड. पेटीला जमत नाही, विमानाला जमते." १९४० पासून आकाशवाणीने कितीतरी वर्षं पेटीला बंदी घातली होती, तिच्यातून मींड निघत नाही हे त्यातलं एक कारण. पेटीवर एवढं प्रेम असूनही अप्पा त्या बाबतीत आकाशवाणीच्या बाजूचे. घरात यावरून वाद व्हायचे. माझ्या मते ते चूक होते; साथीला बसलेली पेटी कानाला किती गोड लागते!

सोसायटीत तर ते एकटेच विमानांच्या बाजूचे. आमची इमारत फनेल झोनमध्ये, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या वाटेखाली, म्हणून उंचीची मर्यादा, त्यामुळे पुनर्विकास अडलेला. मीटिंगमध्ये सगळे विमानतळाला शिव्या घालत असताना अप्पा उठून म्हणाले, "विमानतळ आपल्या आधीपासून आहे." मिनिट्समध्ये हे वाक्य अर्थातच आलं नाही. खालच्या मजल्यावरचे काका त्यांच्याशी बरेच दिवस बोलत नव्हते, मग गणपतीत आरतीला पेटी हवी म्हणून स्वतःच बोलावायला आले.

ह्यांची सगळ्यात जुनी आठवण १९८२ ची. त्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली म्हणून ७८ वर्षांच्या जेआरडींनी पुन्हा कराची ते जुहू विमान आणलं, या वेळी 'लेपर्ड मॉथ'. अप्पांनी ऑफिसला दांडी मारली, ह्यांना शाळेला दांडी मारायला लावली आणि दोघे जुहूच्या कुंपणाबाहेर उभे राहिले. ह्यांना विमान फारसं आठवत नाही. अप्पांनी खांद्यावर घेतलं होतं आणि खालून ते काहीतरी गुणगुणत होते, एवढंच आठवतं.

संध्याकाळी पेटीचा विषय निघाला. भात्याला चीर गेली आहे, एक सूर दाबला की चिकटून बसतो. दादरला दुरुस्तीला टाकायची की देऊन टाकायची? मुलाला गिटार शिकायची आहे. आई इतका वेळ गवार मोडत होत्या. म्हणाल्या, "दुरुस्त करून आणा. आणि त्याला गिटार घेऊन द्या. उगाच कोणाला पेटीला जुंपू नका, ह्यांना तरी कोणी जुंपलं होतं?"

शनिवारी टॅक्सीने नेऊ. रिक्षा दादरपर्यंत जात नाही.