गणपती पेठेतून मिरजेला: रात्रीच्या बॅकअपचा माझा अनुभव

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. गणपती पेठेत ज्याचं दुकान आहे त्याला हे आकडे समजावून सांगावे लागत नाहीत. त्यामुळे इथल्या एका घाऊक किराणा पेढीचे कॉम्प्युटर सांभाळायला घेतले, तेव्हा शेठजींनी पहिलं काम हेच सांगितलं: हिशेबाची एक प्रत रोज रात्री मिरजेतल्या घरी पोचली पाहिजे.

बॅश स्क्रिप्ट, म्हणजे लिनक्सच्या कमांड ओळीने चालवणारी फाइल, छोटीच होती. मायएसक्यूएल या डेटाबेसचा डंप (सगळ्या नोंदींची एका फाइलीत प्रत) घ्यायचा, जीझिपमधून काढून आकार लहान करायचा, आरसिंक या फाइली पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने मिरजेच्या मशीनवर पाठवायचा. रात्री पासवर्ड कोण टाकणार, म्हणून एसएसएच की, म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल. हाताने चालवली तर सगळं सुरळीत. क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीत लावली, तर सकाळी मिरजेत काहीच नाही.

यात अनेकांचे दिवस जातात, म्हणून नीट सांगतो. आपण टर्मिनलवर बसतो तेव्हा पाथमध्ये, म्हणजे कमांड कुठं शोधायच्या त्या यादीत, बरीच ठिकाणं आधीच भरलेली असतात. क्रॉनला त्यातली मोजकीच मिळतात, म्हणून स्क्रिप्टमध्ये प्रत्येक कमांडचा पूर्ण पत्ता लिहावा. दुसरी अडचण टक्क्याच्या चिन्हाची. क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉनच्या वेळापत्रकाच्या ओळीत ते नवी ओळ म्हणून धरलं जातं. लॉगच्या नावात तारीख हवी असेल तर टक्का येतोच, आणि कमांड तिथंच तुटते. आधी बॅकस्लॅश देऊन भागतं, पण तारखेचं काम स्क्रिप्टच्या फाइलमध्येच करावं, क्रॉनटॅबमध्ये फक्त वेळ आणि फाइलचा पत्ता ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. शिवाय सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) होतं, तेव्हा आपल्या रात्री साडेदहासाठी तिथं १७:०० लिहायचे.

सगळ्यात घातक गोष्ट मात्र गुपचूप होते. डंप फसला तरी पुढचा जीझिप यशस्वी होतो, आणि स्क्रिप्ट 'झालं' म्हणून रिकामी फाइल पाठवून देते. सुरुवातीलाच पाइपफेल (साखळीतली एक कमांड फसली तरी सगळी फसली असं धरणारा पर्याय) आणि चूक झाली की स्क्रिप्ट थांबवणारा पर्याय चालू केले की हे पकडलं जातं. आरसिंकचा डिलीट पर्याय (मूळ जागी नसलेली फाइल प्रतीतूनही पुसणारा) मी इथं वापरला नाही: पेढीतली फाइल चुकून पुसली गेली, तर मिरजेतलीही जाईल.

मग एका रिकाम्या लॅपटॉपवर तो डंप उतरवला. दिवाणजींनी एका खात्याची शिल्लक छापील खतावणीशी ताडून पाहिली. जुळली. लगेच त्यांनी विचारलं, "तू गावाला गेलास आणि पाणी आलं, तर आम्ही काय करायचं रे?"

प्रश्न अगदी रास्त होता. मी मराठीत दोन पानी कागद केला: कुठली मशीन, कुठली फाइल, कुठली कमांड, पडद्यावर काय दिसलं की पुढं जायचं. तो हातात घेऊन दिवाणजी स्वतः बसले, मी बाहेरच्या गादीवर थांबलो. ते एकाच जागी अडले. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर एकही अक्षर उमटेना, त्यांना वाटलं कीबोर्ड बंद पडला. ती ओळ आता कागदावर ठळक आहे: 'काही दिसणार नाही, तरी टाइप करून एंटर दाबा.' दर मे महिन्यात, पावसाआधी, ही उजळणी दिवाणजीच करतात.