मागच्या बाकावरची कुजबुज

एम.ए.च्या वर्गाला मी दरवर्षी सेनेगली दिग्दर्शक उस्मान सेंबेनचा १९६६ चा ‘ला न्वार द...’ हा सिनेमा दाखवते. सेनेगलची दिउआना मुलं सांभाळायला म्हणून मालकांमागोमाग फ्रान्सला जाते आणि तिच्या हाती येतात फडकं नि भांडी. तासाभराचा सिनेमा, वेळापत्रकात बसतो, हेही एक कारण.

अंधारात मागून कुजबुज ऐकू आली. मी चिडून दिवे लावले. एक मुलगी उभी राहिली. “मॅडम, हिला खालचं इंग्रजी पटकन वाचता येत नाही. मी मालवणीत सांगत होते.” दोघी कुडाळच्या.

बसवलं तिला आणि सिनेमा संपल्यावर ठरलेलं व्याख्यान सुरू केलं. दिउआनाच्या मनातला आवाज फ्रेंचमध्ये आहे आणि तो तिची भूमिका करणाऱ्या म्बिसीन तेरेझ दिओपचा नाही, हैतीच्या तोतो बिसांतचा आहे. सेंबेन मार्सेयच्या गोदीत राबलेला लेखक. फ्रेंचमधल्या कादंबऱ्या आपल्या लोकांना वाचता येत नाहीत म्हणून त्याने कॅमेरा धरला. पुढे १९६८ मध्ये ‘मांडाबी’ त्याने वोलोफ या सेनेगलच्या भाषेत केला.

तीच मुलगी म्हणाली, “म्हणजे ती मनातसुद्धा परक्या भाषेत बोलते, आणि आपण ते इंग्रजीत वाचतोय.”

पंधरा वर्षं मी हा सिनेमा शिकवते आहे. यावर माझा एक शोधनिबंधही छापून आलाय (वाचलाय कुणी, देव जाणे). तिच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मला कधी सुचला नव्हता.

मी आवाज बंद करून पत्राचा प्रसंग पुन्हा लावला. “सांग आता, मोठ्याने.” मूकपटांच्या दिवसांत तंबूत पडद्याशेजारी उभं राहून पाट्या वाचून दाखवणारा माणूस असायचा, तशी ती उभी राहिली. आधी लाजली. मग दिउआना खिडकीशी दिसली तशी म्हणाली, “हंय माजा कोण आसा?” वर्ग हसला नाही.

पडद्यावर आईचं पत्र येतं, मालक ते वाचून दाखवतो आणि तिच्या वतीने उत्तरही लिहायला बसतो. दिउआना आईचं पत्र फाडते. “घाबारली ती,” असं ही सांगत होती, तेवढ्यात शेजारची, सबंध सत्रात तोंड न उघडलेली मैत्रीण म्हणाली, “तसा नाय गे. ती भियाक नाय. रागान फाडता.”

माझ्या टिपणात त्या जागी ‘हतबलता’ असा शब्द होता. अधोरेखित केलेला.