सासरा, जावई आणि भाट

आज दिवसभर दोनच भाषणं वाचली. दोन्ही रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनची स्तुती करणारी, मध्ये जेमतेम तीन वर्षं.

इ.स. ३०७चं भाषण लग्नातलं. नवरी फाउस्टा, तिचा बाप मॅक्सिमियन म्हणजे जुना सम्राट. सासऱ्याचं कौतुक किती करू नि किती नको! ३१०मध्ये ट्रियरला (आजच्या जर्मनीतलं शहर) दुसरा वक्ता उभा राहिला, तोवर सासरेबुवा बंड करून मार्सेयमध्ये जिवानिशी गेलेले. आली का पंचाईत? मग जावयाला नवा पूर्वज मिळतो, आधीचा एक सम्राट क्लॉडियस गॉथिकस. वर वक्ता म्हणतो, ही गोष्ट बहुतेकांना कदाचित अजून ठाऊक नसेल. इथे मी मोठ्याने हसले. क्लॉडियसला जाऊन तेव्हा चाळीस वर्षं झाली होती!

त्याच भाषणात कॉन्स्टंटाइनला अपोलो या जुन्या ग्रीक-रोमन देवाचं दर्शन घडतं. पुढे ख्रिस्ती बिशप युसेबियस कॉन्स्टंटाइनच्या चरित्रात आकाशातला क्रूस सांगतो. मला मात्र चरित्रकारापेक्षा हे भाटच जास्त कामाचे वाटतात. दरबाराला नेमकं कुठल्या वर्षी कुठलं खोटं हवं होतं, ते त्यांच्याकडूनच कळतं.

आता ३१३चं भाषण उघडलंय. त्यात देव आहे, पण मोघम, 'विश्वाचा निर्माता' वगैरे. वक्त्याने सावध पाऊल टाकलंय. चहा मात्र केव्हाच गार झाला.