वहीत लिहायचा आकडा

मंगळवार, २१ ऑक्टोबर २०२५

उद्या आमच्या बोस्टन सेल्टिक्सचा, एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधल्या संघाचा, मोसमातला पहिला सामना, फिलाडेल्फियाशी, घरच्याच कोर्टवर. आणि वहीतली माझी ओळ अजून कोरी.

नियम एकच आहे. पहिला सामना सुरू व्हायच्या आत चौघांनी आपापला आकडा लिहायचा, ८२ पैकी किती जिंकणार. शाईने, खाडाखोड न करता. चौघं म्हणजे दादा, मामेभाऊ, माझी एक मैत्रीण आणि मी. तिघांचे आकडे आले. दादा ३८. मैत्रीण ५०. मामेभाऊ २२, आणि खाली बारीक अक्षरात "देव करो नि याहून कमी".

गेल्या वर्षी याच दिवशी मी दोन मिनिटांत आकडा टाकून मोकळी झाले होते. नुकतंच अठरावं विजेतेपद मिळालेलं, तोच संघ परत येत होता, विचार कसला करायचा? त्या संघाने ६१ जिंकले. मग १२ मे उजाडला. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निक्सविरुद्ध प्लेऑफ (बाद फेरी) मालिकेतला चौथा सामना, आमचा सगळ्यात मोठा खेळाडू जेसन टेटमचे ४२ गुण झालेले, सुटलेल्या चेंडूकडे झेपावताना तो कोसळला. त्याला कोणी स्पर्शही केला नव्हता. टाचेमागचं अकिलीस टेंडन तुटलं होतं, दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. मालिका ४-२ ने गेली, पण ती हरल्याचं दुःख करायलाही कोणाला सवड नव्हती.

एकटा टेटम जायबंदी असता तर आकडा लिहिता आला असता. पण उन्हाळाभर घर रिकामं होत गेलं. ज्रू हॉलिडे पोर्टलंडला. पोर्झिंगिस अटलांटाला. ल्यूक कॉर्नेट सॅन अँटोनियोला. आणि सप्टेंबरच्या अखेरीस, ज्याची सगळे धास्ती घेऊन होते, तो अल हॉरफर्ड गोल्डन स्टेटला. एकोणचाळीस वर्षांचा हा माणूस गेल्या मोसमातही रोज अर्ध्याहून जास्त वेळ कोर्टवर असायचा.

कारण खेळाचं नव्हतं, खातेवहीचं होतं. २०२३ च्या नव्या करारानंतर लीगमध्ये पगाराची एक वरची रेघ आलीय, तिला सगळे 'सेकंड एप्रन' म्हणतात. ती ओलांडली की नुसता कर भरून सुटका होत नाही. ट्रेडमध्ये (संघांमधल्या अदलाबदलीत) दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून मोठा खेळाडू आणता येत नाही, सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा ड्राफ्ट पिक (नवा खेळाडू निवडायचा हक्क) गोठतो, बाहेरून माणूस घ्यायच्या बहुतेक वाटा बंद. संघ होता तसाच ठेवला असता तर पगार आणि कर मिळून ५० कोटी डॉलरच्या वर गेले असते. टेटम नसलेल्या वर्षात एवढे कोण ओतेल? मला हे सगळं पटतं. पटूनही हॉलिडेचा दुसऱ्या जर्सीतला फोटो पाहिला की पोटात कालवतंच.

(पोर्टलंडची गंमत वेगळीच. २०२३ मध्ये डेमियन लिलर्ड तिथून मिलवॉकीला गेला, त्या बदल्यात हॉलिडे त्यांच्याकडे आला, आणि सामना सोडाच, सरावही न करता चार दिवसांत आमच्याकडे पोचला. आता दोन वर्षांनी हॉलिडेही पोर्टलंडमध्ये आणि लिलर्डही पोर्टलंडमध्येच. एवढा खटाटोप कशासाठी केला होता म्हणते मी.)

दादाचा ३८ कुठून आला ते त्याने काल फोनवर समजावलं. तो नावं मोजत नाही, मिनिटं मोजतो. "अगं, सामना ४८ मिनिटांचा, माणसं पाच. म्हणजे रोज २४० मिनिटं भरायची. टेटम ३६, हॉलिडे ३०, पोर्झिंगिस २८, हॉरफर्ड २७, कॉर्नेट १८. कर बेरीज." मी केली. सगळे तंदुरुस्त असलेल्या दिवशीची १४० च्या आसपास मिनिटं निघून गेलीत. "आता ती कोण भरणार ते तू सांग."

इथे मी जरा गप्प झाले. आलेल्यांची नावं मला पाठ होती, पण प्रत्येकापुढे मिनिटं मांडायला गेले तेव्हा घोळ कळला. हॉलिडेच्या बदल्यात आलेला अँफर्नी सायमन्स गेल्या मोसमात सामन्याला १९ गुण करायचा, शॉट बघत राहावा असा. पण हॉलिडे जे करायचा ते गुणांच्या रकान्यात मावतच नव्हतं. समोरच्या संघाचा सगळ्यात तापलेला गार्ड असो की त्याच्यापेक्षा वीतभर उंच फॉरवर्ड, हा जाऊन त्याच्या छातीशी उभा राहायचा आणि बाकीच्या चौघांचं काम हलकं व्हायचं. सायमन्सकडून ते होणार नाही. एकाच्या जागी एक आला असं कागदावर दिसतं खरं, पण आला तो दुसऱ्याच कामाचा माणूस.

उंच माणसांचं तर विचारूच नका. पोर्झिंगिस, हॉरफर्ड, कॉर्नेट, तिघेही गेले. उरला नेमियाश क्वेटा, सात फुटी, एनबीएत खेळलेला पहिला पोर्तुगीज. आजवर त्याला सामना निकालात निघाल्यावरची किंवा कोणी दुखावल्यावरची मिनिटं मिळायची. मिनेसोटाहून लूका गार्झा आलाय, कॉलेजात वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला, इथे मात्र बाकावर बसून राहिलेला. टोरंटोचा क्रिस बूशे आलाय, तो अंगाने काटकुळा. रिबाऊंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू) कोण घेणार, हा प्रश्न मैत्रिणीला विचारला तर म्हणते, "सगळे मिळून घेतील." सगळे मिळून हा शब्द बास्केटबॉलमध्ये फार धोक्याचा आहे. सगळ्यांचं काम म्हणजे कोणाचंच नाही.

मामेभावाशी मात्र माझं चांगलंच वाजलं. त्याला बावीस जिंकायला नकोत, साठ हरायला हवेत. टेटम नाही, विजेतेपद शक्य नाही, मग मधल्यामधे चाळीस सामने जिंकून काय मिळवायचं? हरा, लॉटरीत (प्लेऑफ हुकलेल्या संघांचा नवे खेळाडू निवडायचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत) वर जा, चांगला पोरगा उचला. "ताई, डॅलस बघ ना! डॉनचिचला घालवला, सगळे शिव्या देत होते, आणि शेवटी कूपर फ्लॅग मिळाला. १.८ टक्के शक्यता होती फक्त!"

मी म्हटलं, तेच तर. डॅलस हरायला बसलं नव्हतं, ते प्ले-इनपर्यंत (प्लेऑफच्या शेवटच्या जागा ठरवणाऱ्या सामन्यांपर्यंत) धडपडत गेलं आणि मग नशीब उघडलं. ज्यांनी हरण्यात पहिला नंबर काढला त्या युटाने १७ सामने जिंकले आणि त्यांना पाचवा पिक मिळाला. पहिल्या पिकसाठी तळाच्या तिघांना प्रत्येकी १४ टक्के, बाकी देवावर हवाला.

आणि आमच्या संघाला तर हा धंदा कधी लाभलाच नाही. १९९६-९७ मध्ये १५ जिंकले, ६७ हरले, सगळ्यांचे डोळे ड्राफ्टमध्ये येणाऱ्या टिम डंकनकडे. लॉटरीत दोन दोन चिठ्ठ्या होत्या. मिळाला तिसरा आणि सहावा. डंकन सॅन अँटोनियोला गेला आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं त्यांचंच भलं करत बसला. तिसऱ्या पिकवर चॉन्सी बिलप्स घेतला, तर त्यालाही वर्ष पुरं व्हायच्या आत घालवला. तो पुढे डेट्रॉइटला जाऊन २००४ च्या अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला! २००६-०७ मध्ये परत तोच खेळ. सलग १८ पराभव, मोसमात २४ विजय, डोळे ओडन आणि ड्युरँटकडे. मिळाला पाचवा. तेव्हा सगळीकडे सुतक होतं. पण तोच पाचवा पिक देऊन रे ॲलन आणला, तो आला म्हणून केव्हिन गार्नेट यायला तयार झाला, आणि २४ वरून एकदम ६६. जून २००८ मध्ये लेकर्सना हरवून विजेतेपद.

मामेभाऊ यावर हसून म्हणाला, "म्हणजे हरल्याचा फायदा झालाच की." याचं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. आता लिहिताना सुचतंय. टेटम आणि ब्राऊन हे दोघंही पराभवातूनच आले, पण ते पराभव आमचे नव्हते. २०१३ मध्ये पिअर्स आणि गार्नेट ब्रुकलिनला दिले, त्यांनी मोठी नावं बघून भविष्य लिहून दिलं, त्यांची घडी विस्कटली आणि त्यांचे पिक आमच्या झोळीत पडले. २०१६ ला जेलन ब्राऊन, २०१७ ला टेटम. हरायचंच असेल तर दुसऱ्याला हरू द्यावं. उद्या फोनवर सांगते त्याला.

संध्याकाळी जुनी पानं चाळत बसले. वही २०१७ पासूनची आहे.

पहिल्याच पानावर माझा आकडा ५४. त्या उन्हाळ्यात कायरी अर्व्हिंग आणि गॉर्डन हेवर्ड दोघेही आले होते आणि माझा हिशेब सोपा होता, जुना संघ अधिक हेवर्ड. पहिला सामना, क्लीव्हलंड, पहिली सहा मिनिटंही झाली नव्हती आणि हेवर्डचा पाय घोट्यापाशी वाकडा झाला. ते दृश्य मला अजून आठवतं, अर्ध्या खेळाडूंनी तोंडं फिरवली होती. त्याचा मोसम तिथेच संपला. संघ पहिले दोन्ही हरला. मग सलग सोळा जिंकला. एकोणीस वर्षांचा टेटम आणि एकवीसचा ब्राऊन, ज्यांना वर्षभर शिकायला मिळालं तरी पुष्कळ असं मी म्हणत होते, ते सरळ सुरुवातीच्या पाचात. शेवटी ५५ जिंकले आणि कायरीही जायबंदी असताना पूर्व विभागाच्या अंतिम मालिकेत सातव्या सामन्यापर्यंत गेले.

म्हणजे माझा आकडा एकाने चुकला. आणि तो ज्या कारणाने लिहिला होता ते कारण सहा मिनिटंही टिकलं नाही.

पुढच्या पानावर ६३. हेवर्ड बरा झाला, कायरी बरा झाला, पोरं वर्षाने मोठी झाली, बेरीज करा की! चौघांचेही आकडे साठच्या वर आहेत, दादाचासुद्धा, आणि तो असा हात सैल सोडणाऱ्यांतला नाही. कायरीने तर मोसमाआधी पासधारक चाहत्यांसमोर सांगून टाकलं होतं की मी इथेच राहणार. जिंकले ४९. दुसऱ्या फेरीत मिलवॉकीने ४-१ ने घरी पाठवलं आणि तो ब्रुकलिनला निघून गेला. चेंडू एकच होता आणि तो हातात हवा असलेले सात जण. आदल्या वर्षी पोरांना कोणी विचारत नव्हतं तेव्हा ती बिनधास्त खेळली. त्या वर्षी प्रत्येक शॉट मारल्यावर बाकाकडे बघायची.

२०२३ चं पान मला वाचवत नाही. मार्कस स्मार्टला घालवून पोर्झिंगिसला आणलं म्हणून मी चिडून ५१ लिहिलंय, आणि पुढे "काचेचं भांडं" असं पोर्झिंगिसला नाव ठेवलंय. त्या संघाने ६४ जिंकले आणि विजेतेपद मिळवलं. तो आकडा संघाचा नव्हताच, माझ्या रागाचा होता.

आणि आज माझी अडचण नेमकी हीच आहे. तीस लिहिलं तर मामेभावाच्या बाजूला गेल्यासारखं होतं. पन्नास लिहिलं तर मला टेटमविना चालतं असं मीच सहीनिशी लिहून दिल्यासारखं. हे वेडेपणाचं आहे, कळतं मला.

जरा शांतपणे बघू. पूर्व विभाग पांगळा झालाय. एप्रिल ते जून, एकाच प्लेऑफमध्ये तिघांचे अकिलीस तुटले, लिलर्ड, टेटम आणि इंडियानाचा हॅलिबर्टन. तिघांचाही जर्सी क्रमांक शून्य. (मी अंधश्रद्ध नाही, पण शून्य क्रमांक मी कोणाला सुचवणार नाही.) मिलवॉकीने लिलर्डला मोकळं केलं, इंडियाना अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यापर्यंत जाऊन आता वर्षभर हॅलिबर्टनविना. कोणाला तरी ते सामने जिंकायलाच हवेत ना.

आणि उरलेले कोण आहेत? जेलन ब्राऊन, २०२४ च्या अंतिम मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू, तरी आठ वर्षं 'दुसरा' म्हणूनच ओळखला गेलेला. डेरिक व्हाइट. गेल्या मोसमात बाकावरून येऊन सर्वोत्तम सहावा खेळाडू ठरलेला पेटन प्रिचर्ड, ज्याला आता खरी मिनिटं मिळतील. कोच माझुला मोसमात हार मानेल असा माणूसच नाही, मामेभावाच्या योजनेतलं सगळ्यात मोठं भोक तेच आहे. शिवाय गेल्या वर्षी हा संघ सामन्याला अठ्ठेचाळीसहून जास्त थ्रीचे (लांबून मारायच्या तीन गुणांच्या शॉटचे) प्रयत्न करत होता, लीगच्या इतिहासात कोणी केले नाहीत एवढे. टेटम, पोर्झिंगिस, हॉरफर्ड नसताना ते किती उरतात कोण जाणे, पण व्हाइट, प्रिचर्ड, हाउझर, सायमन्स चौघेही चालले तर एखाद्या रात्री कोणालाही हरवतील. न चाललेल्या रात्रीचा रिबाऊंड मात्र समोरच्याचा.

म्हणून सगळं क्वेटापाशी येऊन अडकतं. गंमतच आहे, उन्हाळाभर आम्ही मोठमोठ्या नावांवर भांडलो आणि माझा आकडा ज्याच्यावर ठरणार त्याचा चौघांपैकी एकानेही उल्लेख केला नव्हता.

साडेदहा वाजता लिहून टाकलं. ४४. यंदा पुढे एक रकाना वाढवलाय, 'कारण'. त्यात लिहिलं, "क्वेटा फाऊलमध्ये न अडकता रोज पंचवीस मिनिटं उभा राहिला तर." बाकीच्यांकडूनही कारण मागितलं. दादाने लगेच कळवलं, "१४० मिनिटं." मैत्रिणीने, "ब्राऊन." मामेभावाचा थेट फोनच आला.

"ताई, माझा आकडा बदलता येईल का?"

"का रे?"

"काही नाही. अठ्ठावीस करायचा होता."

"शाईने लिहिलंयस."

थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग विचारलं, उद्याचा सामना नक्की किती वाजता आहे.